न मोजलेली खेप

थाई मुलखातला चिआंग माय ते मे साय हा रस्ता रंपाईला आता रस्ता वाटतच नसे. चौदा वर्षं, आठवड्यातून तीनदा, जायला साडेचार तास नि यायला साडेचार. एवढं झाल्यावर रस्ता नवऱ्याच्या घोरण्यासारखा होतो. झोप मोडते त्यानं, पण ऐकू म्हणून येत नाही. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. रस्ता होता.

धंदा साधा होता. सकाळी सहाला शहराच्या उत्तर दरवाज्याशी पांढऱ्या व्हॅनमध्ये फरांग, म्हणजे गोरे परदेशी, भरायचे, साडेदहा-अकराला मे सायच्या पुलाशी उतरवायचे. त्यांनी अलीकडच्या खिडकीवर देश सोडल्याचा शिक्का घ्यायचा, पूल चालून जायचा, पलीकडे ब्रह्मदेशातल्या ताचिलेकमध्ये पासपोर्ट ठेवून बाजारात तासभर टंगळमंगळ करायची, आणि त्याच पुलानं परत येऊन नव्या तीस दिवसांचा शिक्का मारून घ्यायचा. झाले पुन्हा नवेकोरे पर्यटक. मुदत संपत आली की येरे माझ्या मागल्या. हे सरकारला ठाऊक, पुलावरच्या साहेबांना ठाऊक, पलीकडच्या साहेबांना तर फारच ठाऊक. पण कोणी कोणाला काही म्हणत नसे. रंपाईच्या मते जगातले निम्मे व्यवहार असेच चालतात आणि उरलेले निम्मे चालतच नाहीत.

तिचं नाव होतं ते एका गोष्टीसाठी. कोणाचा शिक्का कधी संपतो, कोणी कचेरीत जाऊन दिवस वाढवून घेतलेत, कोणाच्या जमिनीच्या वाटेनं किती खेपा झाल्या, हे सगळं तिच्या डोक्यात असे. वही नाही, कागद नाही. "रंपाईला विचार," असं फरांग एकमेकांना सांगत. चौदा वर्षांत तिच्या गाडीतला एकही माणूस पुलावरून परत पाठवला गेला नव्हता. याचा तिला गर्व होता, आणि तो लपवायचं तिला काही कारण दिसत नव्हतं.

बावीस डिसेंबरला गाडीत नऊ जण होते. पुढच्या सीटवर, तिच्या शेजारी, खेरित.

खेरित एकाहत्तर वर्षांचा डच माणूस. उभं आयुष्य फरशा बसवण्यात गेलं, त्यामुळे गुडघे कामातून गेलेले. नऊ वर्षांपूर्वी दोन आठवड्यांसाठी आला, रंपाईच्या घराची वरची खोली भाड्यानं घेतली, आणि ते दोन आठवडे अजून संपायचे होते. बँकेत आठ लाख बाट दाखवता आले असते तर म्हाताऱ्यांना देतात तो वर्षाचा परवाना मिळाला असता. तेवढे नव्हते. म्हणून तीस दिवस, मग वाढवलेले तीस, मग पूल, मग कधी शेजारदेशात व्हिएन्तियानला जाऊन आणलेला व्हिसा, मग पुन्हा पूल, असं ठिगळाला ठिगळ जोडत त्यानं नऊ वर्षं काढली होती. पर्यटकाला काम करायला बंदी. तेव्हा रंपाईच्या घरातली, तिच्या बहिणीच्या घरातली आणि गल्लीतल्या विहाराच्या न्हाणीघरांतली सगळी फरशी त्यानं काम न करता बसवली होती.

जेवायला तो खाली रंपाईकडेच असे. गल्लीत त्यावर बोललं जाई. "ताकाला जायचं नि भांडं कशाला लपवायचं ग?" असं तिची बहीण तोंडावर म्हणे. "काहीतरीच तुझं," म्हणून रंपाई विषय मोडे.

तीन दिवसांपूर्वी जेवताना खेरितनं सांगितलं, मुलीचा निरोप आलाय. मार्लीन त्यांच्या गावीच राहत होती. तिनं बापासाठी घरातली खालची खोली रिकामी केली होती. जिना चढायला नको, दवाखाना दोन गल्ल्यांवर. काय ते नवीन वर्षाच्या आत कळव, म्हणाली होती. यायचं तर कायमचं ये.

"मग?" रंपाईनं विचारलं होतं.

"मग काय. तुला काय वाटतं?"

आता थाई रीत अशी, की समोरचा अवघडेल असं बोलू नये. कोणाला जा म्हणू नये, तसं राहा म्हणून गळ्यातही पडू नये. रंपाई त्या रीतीत सत्तावन्न वर्षं मुरलेली. तिनं चिकट भाताची गोळी केली, ठेच्याला लावली आणि म्हणाली, "चांगलं आहे की. पोटची पोर आहे शेवटी."

"हं. चांगलं आहे," खेरितही म्हणाला, आणि त्यानंतर दोघांनी त्या विषयाला हात लावला नाही. रंपाईला मात्र तीन दिवस धड झोप नव्हती. तो जायला नको होता तिला. एवढी साधी गोष्ट, पण ती सांगायला तोंडात शब्द येईना. एकीकडे त्याच्या गुडघ्यांचंही खरं होतं. वरची खोली, सतरा पायऱ्या. तो प्रत्येक पायरीवर डच भाषेत काहीतरी पुटपुटतो ते तिला खाली स्वयंपाकघरात ऐकू येई. शिव्याच असणार.

"ताई, एक विचारू?" मागून टायलर म्हणाला. टायलर हा कॅनडाचा पोरगा, लॅपटॉपवर कसलंसं काम करणारा. त्याची ही पहिलीच खेप. सकाळपासूनचा हा त्याचा सातवा प्रश्न होता. "मला परत घेतील ना नक्की?"

"यंदा जमिनीवरून किती वेळा आलास?"

"एकदाही नाही. विमानानं आलो."

"मग घेतील. जमिनीवरून बिनव्हिशाचं यायचं तर वर्षाला दोनदा. जानेवारी ते डिसेंबर. तिसऱ्यांदा गेलास की दार बंद."

"आणि काकांच्या किती झाल्या?"

"त्यांची ऑगस्टमध्ये एक. मग व्हिसा आणला होता, तो आज संपतोय. आजची दुसरी. बसतंय बरोबर."

"मला नको विचारू," खेरित पुढे बघतच म्हणाला. "माझ्या पासपोर्टात काय आहे ते मला माहीत नसतं. मी पण हिलाच विचारतो."

"मग काका, तुम्ही इथे लग्न का नाही करून टाकत? माझ्या मित्रानं केलं. सुटला बिचारा."

"सुटला का अडकला ते दहा वर्षांनी विचार त्याला," मागच्या बाकावरची कोणीतरी बाई म्हणाली आणि गाडीत हशा झाला. रंपाईनं समोरच्या ट्रकला काही गरज नसताना ओव्हरटेक केलं. खेरित खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसती भाताची कापलेली शेतं.

गरम झऱ्यांपाशी गाडी वीस मिनिटं थांबली. तिथे टोपलीत अंडी घालून झऱ्यात उकडायला सोडतात. टायलरनं त्याचे अकरा फोटो काढले. रंपाई गाडीतून उतरली नाही.

चार वर्षांपूर्वी इथेच, अशीच टोपली पाण्यात सोडून, खेरितनं तिला विचारलं होतं. फार काही सजवून नाही. "आपण लग्न केलं तर?" एवढंच. आणि वर, भोळा सांब, म्हणाला होता, "मग सारखं पुलावर यायला नको." ते दुसरं वाक्य त्यानं गिळलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. रंपाईनं तसली जोडपी ढिगानं वाहिली होती. शिक्क्यासाठी लग्न, शिक्का संपला की काडीमोड, आणि बाई पुन्हा आईच्या दारात. ती म्हणाली होती, "माझ्यापेक्षा पूल स्वस्त पडेल तुम्हाला," आणि अंडी काढायला उठली होती. अंडी पार दगड झाली होती. दोघांनी मुकाट्यानं खाल्ली. त्यानंतर त्यानं पुन्हा विचारलं नाही. आणि तो पुन्हा विचारत नाही म्हणून ही मनातल्या मनात चार वर्षं त्याच्यावर धुमसत होती. त्याला काही अर्थ नाही हे तिला कळत होतं, पण म्हणून काय धुमसणं थांबतं होय.

मे सायला गार वारा सुटला होता. रस्त्याकडेला काळ्या वाळूत चेस्टनट भाजणाऱ्यांच्या कढया लागलेल्या, त्यांचा धूर पुलापर्यंत. रंपाईनं गाडी नेहमीच्या जागी लावली आणि नेहमीचं भाषण केलं. "दीड वाजता सगळे इथे. पलीकडचं घड्याळ अर्धा तास मागे आहे. त्यांचं घड्याळ बघू नका, माझं बघा. पलीकडे कोणी स्वस्तात सिगारेट देईल, घेऊ नका. माकडाचं तेल देईल, ते तर मुळीच घेऊ नका."

सगळे हसले. चौदा वर्षं सगळे याच ठिकाणी हसत आले होते.

खेरित शेवटी उतरला. दाराला धरून, आधी उजवा पाय, मग डावा. "तुला काही आणू?" त्यानं विचारलं.

"काही नको. सावकाश चाला."

तो गेला. पुलाच्या चढावर त्याचा पांढरा टक्कलवजा माथा थोडा वेळ दिसत राहिला. रंपाई टपरीवर कॉफी घेऊन बसली आणि वाक्यं जुळवू लागली. परतीला सांगू या. गरम झऱ्यांशी नको, तिथे पनवती आहे. चिआंग राय मागे पडल्यावर, मागचे सगळे झोपले की. "तुम्ही गेलात तर वरची खोली कोणाला देऊ?" छे, हे भाड्याचं बोलणं झालं. "गुडघ्यांसाठी खाली माझ्या शेजारची खोली आहे." हे तर भलतंच झालं. शेवटी तिनं स्वतःलाच एक शिवी हासडली आणि दुसरी कॉफी मागितली. तिला फार थकवा आला होता. गाडी चालवण्याचा नव्हता तो.

सव्वा वाजल्यापासून माणसं परतू लागली. कोणाच्या हातात स्ट्रॉबेरी, कोणाच्या डोक्यात नवी टोपी. दीडला सात जण झाले, टायलर यायचा होता. खेरितही नव्हता. रंपाईला वाटलं, चढ आहे, थांबत थांबत येत असतील. एवढ्यात पळत आला तो टायलर.

"ताई, काकांना खिडकीवर अडवलंय. माझ्या मागेच होते ते. मला शिक्का मारला आणि त्यांना बाजूला बसवलं."

"चुकून असेल," रंपाई म्हणाली आणि उठली. तिला खरंच तसं वाटत होतं.

येणाऱ्यांच्या दालनात सहसा बाहेरच्याला सोडत नाहीत, पण दारावरचा शिपाई तिला चौदा वर्षं ओळखत होता. खिडकीमागे एक तरुण अधिकारी बाई होती, महिन्याभरापूर्वीच बदलून आलेली. खेरित भिंतीकडेच्या बाकावर बसला होता. रंपाईला बघून तो अपराध्यासारखा हसला.

"काकू, हे तुमच्या गाडीतले?" अधिकारी बाईनं विचारलं.

"हो. काय झालं, मॅडम?"

"यांच्या दोन झाल्यात. ही तिसरी."

"एकच झालीय, ऑगस्टमधली. नीट बघा. मी मोजते सगळ्यांच्या."

त्या मुलीनं पासपोर्ट तिच्याकडे फिरवला. ऑगस्टचा शिक्का होता. त्याच्या चार पानं आधी आणखी एक होता, तिरका पडलेला, शाई फुटलेली. मे साय. अकरा फेब्रुवारी.

तारीख ओळखायला रंपाईला क्षणभर लागला.

अकरा फेब्रुवारीला खाममावशीला अग्नी दिला होता. खाममावशी म्हणजे रंपाईच्या आईची धाकटी बहीण, ताचिलेकला दिलेली. नदीच्या दोन्ही काठांवर एकाच घरातली माणसं, हे त्या भागात घरोघर. मावशीचे दोन थोरले मुलगे दूर कामाला, ते काही वेळेवर पोचेनात. घरात पुरुष माणूस म्हणून धाकटा साय मोन एकटा. शवपेटीचा गाडा दोर लावून ओढत न्यायचा असतो, आणि त्या दोराला पुढून घरच्यांनी हात लावायचा असतो. आदल्या संध्याकाळी रंपाई रडत नव्हती, नुसती घासलेली भांडी पुन्हा घासत होती. खेरित जिना उतरून आला आणि म्हणाला, "उद्या मी येतो. मला ओढता येतं." गुडघ्यांचं त्यानं काही काढलं नाही. दुसऱ्या दिवशी पांढरा सदरा घालून तो दोराच्या पुढच्या टोकाशी होता, घामानं निथळत. ताचिलेकच्या बायका तोंडावर हात धरून कुजबुजत होत्या, की रंपाईचा फरांग कामाचा आहे.

परतताना पुलावर शिक्का पडला. त्या शिक्क्यानं उलट त्याला नवे तीस दिवस मिळाले. मावशीनं जाता जाता दिले, असं म्हणून दोघांनी ते ठेवून घेतले. दिवस मोजले. खेप मोजायची राहून गेली. सगळ्या शहराच्या खेपा मोजणाऱ्या बाईकडून राहून गेली.

"मॅडम," रंपाई म्हणाली, "ते मयताला गेले होते. माझ्या मावशीच्या. फिरायला नव्हते गेले."

"असेल काकू. पण शिक्क्यावर तसं येत नाही ना. आला, गेला, एवढंच येतं."

"जाताना तरी सांगायचं कोणी."

"जाणाऱ्याला कोण अडवतं?" मुलगी उद्धट नव्हती. तिच्या खिडकीपुढे रांग होती, चाळीस माणसांची, आणि तिचे डोळेही तारवटलेले होते. "हे तुमचे कोण लागतात?"

साधा प्रश्न. रंपाईनं चौदा वर्षं या पुलावर फ्रेंचांची भांडणं मिटवली होती, दारुड्यांना खिडकीपर्यंत उभं धरलं होतं, रडणाऱ्या पोरींना कागद भरून दिले होते.

"भाडेकरू आहेत," ती म्हणाली.

बाकावरून खेरितनं तिच्याकडे पाहिलं आणि मग आपल्या बुटांकडे पाहिलं.

"मग मी काय करू, तुम्हीच सांगा," मुलगी म्हणाली. मग तिनं आवाज खाली आणला. "दहा दिवसांनी वर्ष बदलतंय. पलीकडे चौदा दिवसांपर्यंत राहू देतात. एक तारखेला सकाळी या खिडकीवर मीच आहे. आत्ता त्यांच्याशी बोलून घ्या दहा मिनिटं. मग मात्र त्यांना परत पाठवावं लागेल."

रंपाई बाकावर जाऊन बसली. देश सोडल्याचा शिक्का एका बाजूला, परत न घेण्याचा निकाल दुसऱ्या बाजूला. म्हातारा पार त्रिशंकू झाला होता, आणि तिनंच केला होता. अशा वेळी माणसं आधी कामाचं बोलतात. तीही बोलू लागली.

"साय मोनला फोन करते, तो गाडी घेऊन पुलाशी येईल. त्यांच्या घरी राहा. पासपोर्ट पलीकडच्या कचेरीत ठेवून घेतील, चिठ्ठी देतील, ती हरवू नका. रक्तदाबाच्या गोळ्या किती आहेत?"

"चार दिवसांच्या."

"मिळतील तिथे. साय मोनच्या बायकोला सांगते. थंडी फार आहे, तुमचा स्वेटर मी उद्याच्या..."

"रंपाई."

"थांबा हो. चूक माझी आहे, मला निस्तरू दे."

"तुझी कशी? पासपोर्ट माझा." त्यानं गुडघा चोळला. "मी इथे बसून विचार करत होतो. किती वेळा चढलो असेन हा पूल? घरी येता यावं म्हणून घर सोडायचं, परत यायचं, परत सोडायचं. आत्ता ती पोरगी मला विचारते, पर्यटनासाठी आलात का? आणि मी हो म्हणतो. नऊ वर्षं मी हो म्हणतोय." त्यानं पाय लांब केले. "दमलो ग मी. एक तारखेला शिक्का मिळेल. तेवढ्या तीस दिवसांत सामान आवरतो. मार्लीनला कळवून टाकतो."

झालं. जे होऊ नये म्हणून तीन रात्री ती आढ्याकडे बघत पडली होती, ते झालं. सवयीनं तिच्या ओठांवर शब्द आलाही होता, "चांगलं आहे." सत्तावन्न वर्षांची रीत, ती काय अशी सुटते. पण तिनं तो गिळला.

"मी सगळ्यांच्या खेपा मोजते," ती म्हणाली. "मोजते ना?"

"मोजतेस."

"चौदा वर्षांत एक चुकली नाही. या टायलरची चुकणार नाही, त्या मागच्या बाकावरच्या बाईची चुकणार नाही. तुमच्याही नऊ वर्षांतल्या एकूण एक खेपा मला पाठ आहेत. मग हीच कशी चुकली?"

"म्हातारी झालीस."

"म्हातारे तुम्ही. ऐका जरा." तिचा आवाज चढला, रांगेतली दोन माणसं वळली. "मी प्रवाशांच्या खेपा मोजते. त्या दिवशी तुम्ही दोराला हात लावलात. पुढून, घरच्यांच्या जागी. माझ्या डोक्यात ती प्रवाशाची खेप नव्हतीच हो. घरची माणसं घरच्या मयताला गेली आणि घरी आली. ते काय मोजायचं असतं?"

रांग दोन माणसांनी पुढे सरकली. खिडकीवर शिक्का पडल्याचा आवाज आला, मग आणखी एक.

"हे तू मला कधी सांगणार होतीस?" त्यानं विचारलं.

"कधीच नाही. या पोरीनं पकडलं म्हणून."

"मी चार वर्षांपूर्वी विचारलं होतं."

"विचारलं होतंत. पण बायको मागत होतात की शिक्का, ते कळलं नाही मला."

"मला नीट विचारता आलं नाही."

"नाहीच आलं." रंपाईनं डोळे पुसले, मग नाक पुसलं, मग तोच रुमाल घडी करून मांडीवर ठेवला. "आता कसं, शिक्का तर तुम्हाला मिळतच नाहीये. आज तरी नाही. आता विचारा."

खेरित तिच्याकडे बघत राहिला. मग बाकाची कड धरून उठायला लागला. त्यांच्याकडे हे उभ्यानं विचारतात की गुडघ्यावर बसून, तिला माहीत नव्हतं. पण त्याच्या गुडघ्यांना दोन्ही जमणारं नव्हतं.

"बसूनच विचारा हो. कोण बघतंय?"

चाळीस माणसं बघत होती. खिडकीतली मुलगीही शिक्का हातात धरून थांबली होती.

त्यानं बसूनच विचारलं. या खेपेला पुलाचं नाव काढलं नाही. बोलताना त्याचे थाई स्वर नेहमीसारखे सगळे चुकले, पण जे म्हणायचं होतं ते तिला कळलं.

चार वर्षं वाट पाहिली होती तिनं; आता थोडं तिष्ठत ठेवायचा तिचा हक्क होता. "लग्न केलं तरी दर नव्वद दिवसांनी कचेरीत हजेरी लावायची असते," ती म्हणाली. "दरवर्षी नवे कागद. घरी येऊन बघतात, नवरा-बायको एकत्र राहतात का ते. फोटो काढतात. नंतर मला म्हणू नका, सांगितलं नाही."

"त्यात पूल आहे?"

"पूल नाही. कचेरीला जिना आहे."

"किती पायऱ्या?"

"वीसेक असतील."

खेरितनं लांब श्वास सोडला. "चालेल," तो म्हणाला. "मार्लीनला काय सांगू?"

"खरं काय ते सांगा. आणि उन्हाळ्यात चार दिवस इकडे ये म्हणावं. तिच्या शिक्क्याचं मी बघते."

"काकू," खिडकीतून हाक आली. "झाली दहा मिनिटं."

ते दोघं उठले. थाई मुलखात चारचौघांत कोणी कोणाला हात लावत नाही, आणि नऊ वर्षांत खेरितनंही ते पाळलं होतं. आज त्यानं तिच्या खांद्यावर हात टेकला, पूर्ण भार देऊन, आणि दारापर्यंत तसाच चालला. दारापुढे शिपायानं रंपाईला थांबवलं. पुढे पूल. त्यावर वारा होता आणि उलट दिशेनं येणाऱ्यांची गर्दी होती. तीत एकटा खेरित त्या बाजूला निघाला.

"अहो!" रंपाईनं मागून हाक मारली.

तो वळला.

"एक तारखेला सकाळी येते मी. त्या दिवशी गाडीत प्रवासी घेणार नाही."